तारेनं बांधलेला व्हॉल्व्ह

कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात नाथाजीनं बॉयलरवर चौदा वर्षं काढली. पण चौऱ्याहत्तर साली फोरमन झाला तो त्याच्याच हाताखाली शिकलेला रसूल. वसाहतीतलं पक्कं घरही रसूलला मिळालं. त्या घरावरून जाताना नाथाजीचा जीव जळायचा.

एका सोमवारी नाथाजी बॉयलरवर चढला, तर जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं आवळलेला. वाफ जास्त झाली असती तर बॉयलर फुटून वसाहत उडाली असती. दोष फोरमनवरच येणार म्हणून नाथाजी मनातून हरखला. गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार होता. रसूल त्याच्यासमोरच सापडावा म्हणून नाथाजी गप्प राहिला.

गुरुवारी त्यानंच इन्स्पेक्टरला तार दाखवली.

"म्याच बांधली," रसूल म्हणाला. "गाळप थांबू नये म्हणून मॅनेजरसायबानं बांधाय लावली. तुमी कवा बघितली, नाथाकाका?"

"सोमवारी."

"आन् तीन दिस गप बसला? तुमची पोरं बी हितंच ऱ्हात्यात की."



बॉयलर बंद झाला. मॅनेजर आणि रसूल दोघांची नोकरी गेली. फोरमनकी आणि घर नाथाजीला मिळालं. पण रसूलनं मॅनेजरचं नाव उघड घेतलं म्हणून निम्मी वसाहत त्याला एसटीपर्यंत पोचवायला गेली. नाथाजीला त्याचाही हेवा वाटला.