एका तारेवर तीन घंटा

नागावला आमच्या वाडीत माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. वर एकच बटण. ते दाबलं की ओटीवर, माझ्या खोलीत आणि स्वयंपाकघरात अशा तीन घंटा वाजतात. तिघांतलं एक तरी माणूस उठेल, असा वडिलांचा तर्क. घंटा वाजली की ते ओटीवरून "बघतो" म्हणतात आणि पेपरचं पान उलटतात. मीही आतून "बघतो" म्हणतो. जिना चढते आई. डॉक्टरांनी तिला जिना बंद केलाय, हे आम्हा दोघांनाही तोंडपाठ आहे.

मी घरूनच ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, कोड साफसूफ करतो. तिथंही एकेका तारेवर तीन-चार उपकरणं असतात. तार वाजली की कर्नेल प्रत्येकाच्या फंक्शनला, म्हणजे त्याचं काम बघणाऱ्या कोडच्या तुकड्याला, विचारतं, हे तुझं का? उत्तरं दोनच: 'माझं होतं, उरकलं' किंवा 'माझं नव्हे'. सगळेच सारखे 'माझं नव्हे' म्हणू लागले, तर 'कुणालाच पडलेली नाही' अशी नोंद करून कर्नेल ती तारच बंद करतं. एक जुनं फंक्शन हे उत्तर नुसत्या आकड्यात द्यायचं. मी त्याच्या उत्तराचा प्रकार बदलला, त्याला ठरलेल्या शब्दांत बोलायला लावलं आणि काम पाठवून दिलं. स्वतःवर भलताच खूश होतो.

माझा कोड तपासणाऱ्याने ते परत पाठवलं. प्रकार बरोबर आहे, पण हे फंक्शन उपकरणाकडे ढुंकूनही न बघता दर वेळी 'उरकलं' म्हणतं, हे तुम्ही वाचलंत का?

वाचलं नव्हतं, म्हणूनच फार राग आला. जेवताना मी आईला तावातावाने सगळं सांगितलं. न बघता 'उरकलं' म्हणणारा एक जरी निघाला, तरी कर्नेलला वाटतं सगळं आलबेल आहे.

आई गुडघा चोळत ऐकत होती. "आणि कुणाला पडलेलीच नाही हे कळलं, तर?"

"तार बंद."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजलीच नाही. दुपारी पाहुण्या बाई रिकामा जग घेऊन स्वतःच खाली आल्या. "घंटा बिघडलीय का हो?"

वडील आणि मी एकदमच म्हणालो, "बघतो."

आई पाय लांब करून बसली होती. तिने मांडीवरची गुंडाळलेली तार उचलून आम्हाला दाखवली आणि पुन्हा मांडीवर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जग भरून मी वर निघालो. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.