कोंडाबाईंचा डावा कोपर

"केतकी, सेन्सर पडले वाटतं!" मी बांधावरून ओरडले. लॅपटॉपवरची रेघ सपाट झाली होती. कोंडाबाई मात्र खाचरात वाकून भराभर भात लावत होत्या.

मी स्नायूंवर संशोधन करते. स्नायू काम करतो तेव्हा त्यातून बारीक वीज निघते. ती कातडीवरून मोजायच्या तपासणीला ईएमजी म्हणतात. स्नायू राबत असला की स्क्रीनवरची रेघ थरथरते, विसावला की सपाट होते. केतकी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तिनं कोंडाबाईंच्या पाठीवर काडेपेटीएवढे दोन सेन्सर चिकटवले होते.

खरं तर काम संपलं होतं. कोंडाबाईंना आणि त्यांच्यासोबत लावणी करणाऱ्या याच बायकांना लॅबमध्ये आणून, ट्रेमधल्या चिखलात लावणी करून घेतली होती. निष्कर्ष असा, की लावणीत पाठीच्या स्नायूंना क्षणाची उसंत नसते. पेपर जर्नलमध्ये स्वीकारला गेला होता, छापायचा तेवढा राहिला होता. त्याच्या जोरावर केतकीला परदेशी फेलोशिप मिळायची होती. मुठ्याला, या बायकांच्या गावी, आम्ही फक्त व्हिडिओपुरत्या आलो होतो.

केतकी चिखल तुडवत गेली. "मॅडम, दोन्ही घट्ट आहेत."

"कोंडाबाई, जरा उभ्या राहा."

त्या उठू लागल्या, रेघ उसळली. पुन्हा वाकल्या, सपाट!

मग मला दिसलं. रोपांची मूठ धरलेल्या डाव्या हाताचा कोपर त्यांनी मांडीवर टेकला होता. धडाचा भार हातावाटे मांडीवर उतरत होता आणि पाठ चक्क सुट्टीवर होती.

"कोपर उचला बरं!" रेघ थयथयली. "टेकवा!" शांत. "उचला! टेकवा!" मी बांधावर अक्षरशः नाचत होते. बाकीच्या बायका हसून हसून बेजार.

"लॅबमध्ये का नाही टेकवलात?"

"तुमीच तर नको म्हनला. समद्यांनी सारकंच वाका म्हनला. आमाला वाटलं, तुमची तशी रीत आसंल."

तो नियम माझाच होता. म्हणजे आम्ही लावणी मोजलीच नव्हती.

केतकीनं आणखी चौघींना सेन्सर लावले. चौघींचीही रेघ तशीच गप्प.

"पेपरचं काय करायचं?" मी चाचरत विचारलं.

"मागे घ्यायचा. मॅडम, हे त्याहून भारी आहे!" केतकी म्हणाली. बांधावर बसूनच तिनं संपादकांना मेल लिहिला.

"पन बाई," कोंडाबाई म्हणाल्या, "पाठ जर गप पडून ऱ्हाती, तर मग लई दुखती का वो?"

"माहीत नाही," मी म्हणाले. हे दोन शब्द इतक्या आनंदानं मी कधीच उच्चारले नव्हते.

फेलोशिप दुसऱ्याच कुणाला मिळाली. केतकी एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी कोंडाबाईंच्या प्रश्नाला भिडली. नवा पेपर यायला दोन पावसाळे गेले.

सगळ्यांना सारखं वाकायला लावलं की मापं सुरेख येतात. फक्त ती कशाची आहेत, ते कळत नाही.