पितळी गुंडावरचं लग्न

बुढीसोबत, म्हणजे बायकोसोबत, केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वडनेरहून हिंगणघाटला जाऊन जोडीनं फोटो काढणं. एस्टीत तिच्या मांडीवर पितळी गुंड होता. कंडक्टरनं विचारलं, "आजी, पाणी आणाले चालल्या का?" तर म्हणते, "नाई बापू, सरकारले लगन दाखवाले."

विधवा व्हायची जय्यत तयारी आमच्या बायकोइतकी अख्ख्या जिल्ह्यात कोणी केली नसेल. मी सरकारी गोदामात हमाल होतो. नोकरीला लागलो तेव्हा बिनलग्नाचा, म्हणून कागदावर घरच्यांत एकट्या आईचं नाव दिलं. पुढं लग्न झालं, दोन पोरी झाल्या, आई वारली, मी रिटायर झालो, कागद तसाच. मीच नाही बदलला, दुसऱ्या कोणाला काय बोलू? नवरा गेल्यावर पेन्शन बायकोला मिळते हे तिला शेजारणीकडून कळलं. तिनं पोरीकडून कागद वाचून घेतला. त्या दिवसापासून चहा मागितला की, "पाव्हणीले काम सांगता काऊन? सरकारच्या लेखी मी इथं पाव्हणीच."

लग्नाचा दाखला नव्हता. तेव्हा कोण काढत होतं? पण लग्नात तिच्या मामानं दिलेल्या गुंडावर आमची दोघांची नावं न् तारीख कोरलेली. बुढीनं तो चिंचेनं घासला आणि नेऊन ठेवला पेन्शनच्या ऑफिसातल्या साहेबाच्या टेबलावर.

"बाई, याच्यावर शिक्का नाही."

"शिक्का नसन, पण हा पोचा पाहा ना साहेब. वरातीतच पडला."

साहेब हसला, फॉर्म दिला, जोडीचा फोटो मागितला. फोटोतही तिनं गुंड मांडीवरून हलू दिला नाही. माझ्या मरणाची मात्र तिला घाई नव्हती. सकाळी मी उशिरा उठलो तर पायाला चिमटा घेऊन पाहायची. "फॉर्म भरेपर्यंत थांबजा, मग खुशाल जाजा."

थांबलो मी. तीच नाही थांबली. फोटोच्या तिसऱ्या दिवशी सडा टाकता टाकता अंगणात बसली, ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंड काखेत घेऊन ग्रामपंचायतीत गेलो, मृत्यूची नोंद करायला. बाबूनं विचारलं, "तुमची कोण, बाबाजी?"

"बायको."

त्यानं लिहिलं. मी गुंड टेबलावर ठेवला.

"हे काऊन?"

"पुरावा."

"याले नाई लागत पुरावा, बाबाजी."

"मग काय लिहिलं ते वाच. मोठ्यानं."

"पत्नी," त्यानं वाचलं. मी म्हटलं, अजून एकदा. त्यानं वाचलं.

येताना नळ सुरू होता. गुंड भरून घरी आणला.