डाग वाढलेला दिसला तेव्हा

पोहायला शिकवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ताईच म्हणत. मेंदूतल्या गाठीवर त्यांनी रेडिएशन घेतलं, आणि त्यानंतरच्या एमआरआयमध्ये डाग आधीपेक्षा मोठा दिसला. सोबत आलेल्या थोरल्या भावाच्या पायाखालची जमीनच सरकली.

"डॉक्टर, वेळ घालवू नका. ऑपरेशन करून टाका!"

"दादा, डोकं माझं आहे," ताई म्हणाल्या. "डॉक्टर, गाठच वाढली, हे नक्की का?"

"नाही. रेडिएशननंतर सूजही येते आणि साध्या स्कॅनमध्ये गाठ आणि सूज सारखीच दिसतात. डागात रक्त किती खेळतंय, ते आता वेगळ्या एमआरआयने बघू. वाढती गाठ रक्त ओढते. पण अजिबात हलायचं नाही."

मागे एकदा एमआरआयच्या बोगद्यात ताईंचा जीव घुसमटला होता आणि त्यांनी आरडाओरडा करून मध्येच बाहेर काढायला लावलं होतं.

"या वेळी हलले तर नाव बदलून ठेवा," त्या म्हणाल्या.

यंत्राचा खडखडाट सुरू झाला. रक्ताचा प्रवाह दाखवणारं औषध दंडातून गारगार वर चढलं. पण ताईंनी मान तसूभरही हलवली नाही.

डागात रक्त फारसं नव्हतं. "सूजच असावी," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर झटका येऊ शकतो, पाण्यात उतरायचं नाही."

"मग काठावरून शिकवीन," ताई म्हणाल्या. "ओरडायला पाणी कशाला लागतं?"

पुढच्या स्कॅनमध्ये डाग निम्म्यावर आला होता. दादा तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडला.