नोटछाप सर

काझी सरांसमोर कुणी ‘सरकारकडे पैसा नाही’ असं म्हटलं की सर हातातला चहा खाली ठेवत. म्हणणारा कुणीही असो, त्याची सुटका नसे. “पैशाचं सोडा. बाकी काय काय नाही, ते सांगा,” असं ते शांतपणे विचारत. धारणीचा रस्ता होत नाही, तर गिट्टी नाही का? मजूर नाहीत का? समोरचा ‘आहेत’ म्हणाला की मगच ते पुढचा घोट घेत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत आणि सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे ‘नोटछाप सर’ म्हणे.

हे नाव अन्यायाचं होतं. नोटा छापून सगळं सुटतं, असं सर कधीच म्हणाले नाहीत. घरचा खर्च आणि सरकारचा खर्च एका मापाने मोजू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. आपण रुपया कमावतो, सरकार तो निर्माण करतं. म्हणून रुपयांपायी सरकारचं दिवाळं निघत नाही. कर घ्यायचा तो लोकांना त्या रुपयाची गरज वाटावी आणि बाजारात तो फार झाला तर परत ओढता यावा, यासाठी. खरी मर्यादा माणसांची, पाण्याची, धान्याची. ते संपल्यावरही पैसा ओतत राहिलात तर महागाईच पदरात पडणार. याला ‘मॉडर्न मॉनेटरी थिअरी’ असं भारदस्त नाव आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

वाणिज्य शाखेचे देशमुख सर त्यांचे जिवलग मित्र आणि कट्टर विरोधक. दोघांचा वाद स्टाफरूममध्ये सुरू होई आणि सायकल स्टँडपर्यंत चाले. देशमुख सर म्हणत, “महागाई आल्यावर कर वाढवाची हिंमत कोन्या मंत्र्यात हाय? अन् पेट्रोल बाहेरून येते, तिथं तुहा रुपया कोन घेते?” पहिल्या प्रश्नाला काझी सर हसत. दुसऱ्याला मात्र जरा बिचकत, हे आम्हाला दिसत असे.

त्या वर्षांत कापसाने सगळ्या वऱ्हाडाला रडवलं होतं. वसतिगृहात आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. मेसचे पैसे थकले आणि संक्रांतीनंतर ठेकेदार मेस सोडून गेला. मेस बंद म्हणजे गावी परत, आणि त्या दिवसांत गावी गेलेला पोरगा सहसा कॉलेजात परतत नसे. मी भातकुलीकडचा, माझी पेटी भरूनही झाली होती. काझी सर आले आणि त्यांनी नेहमीचाच प्रश्न आम्हाला विचारला. बघतो तर तूर घरोघर पडून होती, तिला भावच नव्हता. ज्वारीही होती. हात तर आमचे रिकामेच. घरून पोती आली, तूर अकोल्याच्या दालमिलमध्ये भरडून आणली आणि भरडाईच्या मजुरीपोटी मिलवाल्याने चुनी, म्हणजे डाळीचा भुसा आणि चुरा, ठेवून घेतली.

कामासाठी सरांनी स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या काढल्या. भांडी घासली, भाकरी थापल्या की चिठ्ठी मिळे. आणि दर रविवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी परत भरल्याशिवाय पुढच्या आठवड्याचं ताट नाही. आम्ही वेड्यावाकड्या भाकरी जोमाने थापू लागलो. तेल आणि सिलिंडर मात्र चिठ्ठीवर मिळेना. ते देशमुख सरांनी आपल्या पगारातून आणलं. सिलिंडर दारात ठेवून म्हणाले, “घे, हे तुहं परकीय चलन.”

मग काझी सरांचा स्वभाव आड आला. पडेल चेहऱ्याचं पोरगं दिसलं की ते काम न मागताच चिठ्ठी देऊन टाकत. होळीपर्यंत आमच्या खिशात चिठ्ठ्या मावेनात आणि भांड्यांना हात लावायला कुणी तयार होईना. एका दुपारी चूल पेटलीच नाही. सरांनी रविवारचा दर एकावरून तीन चिठ्ठ्यांवर नेला. तेव्हा धारणीचा सुकलाल उठून उभा राहिला. पहिल्या दिवसापासून राबलेला पोरगा तो.

“माह्या चिठ्ठ्या कामाच्या हायेत, सर,” तो म्हणाला. “फुकटवाल्याईनं त्याईचा भाव पाडला. मंग दंड मले काहून?”

देशमुख सर मागेच उभे होते. एरवी त्यांनी अशी संधी सोडली नसती, त्या दिवशी सोडली.

काझी सर म्हणाले, “याचं उत्तर माह्यापाशी नाही, बेटा. चूक माही हाय.” त्यांनी जुन्या चिठ्ठ्या रद्द केल्या, सुकलालला त्याच्या कामाच्या नव्या दिल्या आणि चिठ्ठ्या वाटायचं काम चक्क देशमुख सरांकडे सोपवलं. नोटछाप सरांनी छापखानाच विरोधकाच्या हाती दिला, म्हणून आम्ही तेव्हा खूप हसलो. मेस परीक्षेपर्यंत चालली.

काझी सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. महामारीत जगभरच्या सरकारांनी हात सैल सोडला आणि मग महागाई चढली, तेव्हा म्हाताऱ्या देशमुख सरांचा मला फोन आला. “आधी तो जिंकला, मंग मी जिंकलो,” ते म्हणाले. “अन् सांगाले तो नाही.” मग त्यांनी विचारलं, “त्या साली किती पोट्टे घरी गेले होते रे?”

“एकही नाही, सर.”

“मंग कायले भांडलो मी त्याच्यासंगं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.