सगळेच खांब हिरवे

ऑफिसात तिला खात्रीबाई म्हणत. नाव तिच्या दिराने पाडलं होतं. घराला कुलूप लावलं की ती ते दोनदा ओढून बघायची, जिना उतरायची आणि पुन्हा वर जायची. "वहिनी, कुलपालाच विचार ना, लागलंस का म्हणून," दीर म्हणायचा. तो विजेच्या तारा ओढणाऱ्या टोळीत होता आणि ती त्याच कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. घरचं नाव ऑफिसात पोचायला कितीसा वेळ लागणार?

तिचं काम अंतरांचं. तार रस्त्यापासून किती उंच हवी, पायवाटेपासून किती, छपरापासून किती, हे नियम ती सॉफ्टवेअरमध्ये भरायची. मग सॉफ्टवेअर एकेक खांब आणि पुढच्या खांबापर्यंतची तार तपासायचं. नियमात बसलं तर खांब हिरवा, नाही बसलं तर लाल.

नव्या लाइनचे सगळेच खांब हिरवे आले. साहेब खूश झाले. त्यांनी सही केली आणि काम टोळीकडे गेलं. आज सकाळपासून तार ओढणं सुरू होतं, आणि खात्रीबाईचा चहा टेबलावर तसाच पडून होता.

"अहो, पास झालेलं पोरसुद्धा एवढं तोंड पाडून बसत नाही," शेजारच्या टेबलावरचे नकाशेवाले काका म्हणाले.

"काका, अख्ख्या लाइनीत एकही लाल नाही, असं कधी पाहिलंय तुम्ही?"

"नशीब समजा."

"खांबांना कसलं आलंय नशीब?"

तिने नियम पुन्हा उघडले. रस्ता बरोबर. पायवाट बरोबर. छप्पर बरोबर. आकडे सगळे जिथल्या तिथे. तिला क्षणभर बरं वाटलं आणि मग जास्तच वाईट. न सापडलेली चूक घरात शिरलेल्या सापासारखी असते. दिसला तर निदान कुठे आहे ते तरी कळतं.

मग नियमाच्या शेपटाशी असलेल्या एका बारीक चौकटीवर तिची नजर गेली. तारेचं तापमान. तिथे हवं होतं 'सर्वात तापलेली तार'. होतं 'मोजणीच्या दिवशीची तार'.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं.

तार तापली की लांबते, आणि लांबली की तिचा झोळ वाढतो. उन्हाने तापते, आतून वीज वाहू लागली की आणखी तापते. म्हणून अंतर तपासायचं ते तापलेल्या तारेचं. हे तिला पाठ होतं. पण तिची एक पद्धत होती. नियम भरले की ते खरे उतरतात का, हे ती शेजारच्या जुन्या लाइनीवर पडताळून बघायची. टोळीच्या मुकादमाने तिथे गार सकाळी मापाच्या काठीने उंची मोजली होती. तिने चौकटीत त्या दिवशीचं तापमान घातलं. काठीचं माप आणि सॉफ्टवेअरचं माप तंतोतंत जुळलं. तिला इतकं समाधान वाटलं की चौकट परत जागेवर न्यायची राहूनच गेली.

खात्री करून घेतानाच घोळ झाला होता.

तिने चौकट बदलली आणि तपासणी पुन्हा लावली. बरेच खांब हिरवेच राहिले. मोजके लाल झाले. त्यातला एक लाकडाच्या वखारीच्या तोंडाशी होता. तिथून ओंडक्यांनी भरलेल्या लॉऱ्या जातात. वर हमाल बसलेले असतात.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"आज कुठलं काम आहे?"

"वखारीसमोरचंच."

"सही माझी आहे."

"चूक माझी आहे, साहेब."

"ते आपण नंतर वाटून घेऊ. आधी फोन लावा."

फोन वाजत राहिला. खांबावर चढताना टोळीतले सगळे फोन गाडीतल्या पेटीत ठेवतात, हे तिला दिरामुळे माहीत होतं. तिने साहेबांची गाडी मागून घेतली. वाटेत प्रत्येक वळणावर तिला वाटे, वीज सोडली असेल. मग आठवे, लाइन पुरी झाल्याशिवाय नाही सोडत. मग पुन्हा वाटे, सोडली असेल.

तार वर गेली होती. मुकादम काठी लावून खालून बघत होता. दीर खांबाच्या टोकाशी पट्ट्याला लटकलेला.

"मुकादम, ही तार उतरवा. खाली येईल ती."

"खाली? बाई, हे बघा माप. उलट बोटभर जास्तच आहे."

"आत्ता बरोबरच येणार. तार गार आहे."

"मग दुपारी मोजू."

"दुपारीही बरोबर येईल. अजून वीज कुठे वाहतेय तिच्यातून? भर उन्हाळ्यात, वीज चालू असताना ती खाली येईल. तेव्हा काठी घेऊन कोणी येणार नाही इथे."

मागे एका लॉरीने भोंगा वाजवला. ती ओंडके घेऊन तारेखालून गेली. वर बसलेल्या दोघांपैकी एकाने मान खाली घातली. डोक्यावर भरपूर जागा होती, तरी घातली.

"अख्खा दिवस पाण्यात जाईल आमचा," मुकादम म्हणाला. "हिरवं तुम्हीच दिलंत ना?"

"मीच दिलं."

तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. काठी मुकादमाच्या बाजूने होती. मुकादमाने वर पाहिलं.

"काय रे? तुझी वहिनी आहे. तूच सांग."

दिराने घाम पुसला. "मुकादम, ही बाई लागलेलं कुलूप दोनदा ओढते. आज लागलंच नाही म्हणतेय, तर नसेलच लागलं."

मुकादमाने काठी जमिनीवर आपटली. "सोडा रे."

तार हळूहळू खाली आली. ती रस्त्यावर टेकेपर्यंत खात्रीबाई तिथून हलली नाही.

परतताना तिच्या मनात आलं, आधीच्या लाइनींना ही चौकट कशी ठेवली होती आपण? त्यांतून तर वीज वाहतेय. तिने ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितलं. ऑफिसात तिने एकेक लाइन उघडली. सगळीकडे तापलेलीच तार होती. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बरोबरच निघाले. कुलूप दिराने लावलं. दोनदा ओढलं.

"झालं?"

"झालं."

ते जिना उतरले. शेवटच्या पायरीवर ती थांबली. त्याने किल्ली पुढे केली.