कुंदाताईंचे बूट आणि आमचे व्याही

घाबरट माणसं जगात पुष्कळ आहेत, मी स्वतःही पालीला घाबरते; पण घाबरणं हे पोटापाण्याच्या नोकरीसारखं, एक दिवसही रजा न घेता आणि निवृत्तीनंतरही चालू ठेवणारा माणूस मी आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा पाहिला नाही. व्याही म्हणजे माझ्या जावयाचे वडील. तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले, मी स्कारबरोचा कॉन्डो विकला आणि मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला लेकीच्या बेसमेंटमध्ये राहायला आले. व्याही-विहीण दोन गल्ल्या सोडून राहतात, सोबत होईल, असं वाटलं होतं. विहिणीचा, म्हणजे कुंदाताईंचा, काही प्रश्नच नव्हता. व्याही मात्र पहिल्याच संध्याकाळी बेसमेंटची खिडकी उघडून, वाकून, हाताने मोजून बघत बसले, आणि मग म्हणाले, "विहीणबाई, आग लागली तर तुम्हाला यातून बाहेर पडता येईल का, एकदा करून दाखवा." मी पडले बापडी मुलीची आई. पदर खोचला, स्टुलावर चढले आणि जावयांच्या देखत खिडकीतून अंगणात निघाले. व्याही समाधानाने म्हणाले, "जमलं. पण चष्मा आधी बाहेर टाकायचा."

त्यांची सगळी नोकरी पुलांना पडलेल्या भेगा शोधण्यात गेली. त्यामुळे उभी दिसणारी प्रत्येक गोष्ट आतून कधीचीच पडायला लागलेली आहे, असं त्यांचं ठाम मत. ब्रॉसार्डहून मॉन्ट्रियलला जायचं तर नदीवरचा पूल लागतोच. पूल आला की व्याही गाडीच्या चारही काचा खाली करतात. गाडी पाण्यात गेली तर दार उघडत नाही म्हणे, काच उघडी पाहिजे. बाहेर उणे वीस असो की उणे तीस. एकदा आम्ही एका लग्नाला निघालो होतो, पुलाच्या पलीकडे पोचेपर्यंत माझ्या अंबाड्यातला गजरा कडक झाला आणि हात लावताच पापडासारखा मोडला. मी बोलले, तर म्हणाले, "गजरा दुसरा मिळतो." थंडीत ते रस्त्याच्या मधून चालतात, कारण कडेला छपरावरून बर्फाचे सुळे पडतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंदाताईंनी वाण काय लुटावं, तर यांच्या आग्रहाखातर स्मोक अलार्मच्या बॅटऱ्या. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस अक्षता मुठीत धरून इमर्जन्सी एक्झिटची पाटी दिसते का ते बघत होता. आणि सगळ्यात मोठी भीती घसरण्याची. कुंदाताई घराबाहेर पडल्या की हे कोटाच्या खिशातून मीठ काढून त्यांच्यापुढे टाकत टाकत जायचे, नाहीतर मागून दोन्ही हात पसरून चालायचे, जसं काही तान्हं बाळ नुकतं पाऊल टाकायला शिकतंय.

अशा घरात कुंदाताईंनी एक दिवस पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "यंदा मी स्की शिकणार आहे. शेजारची लुईझ जाते, तिच्याबरोबर नाव घातलंय." मी टेबलाशी बसून लसूण सोलत होते. व्याह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला, खुर्चीचे हात धरले आणि आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "कुंदा, तुला सहासष्टावं चालू आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." ते म्हणाले, "हाड मोडलं तर?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलंय, हाडं ठणठणीत आहेत." मग लाटणं बाजूला ठेवून, आवाज जराही न चढवता त्या बोलल्या, "अहो, लग्न करून या देशात आले तेव्हापासून तुम्ही मला बर्फ खिडकीतून दाखवलात. पोरगं लहान होतं तेव्हा तेही मागे लागायचं, आई चल ना, म्हणून. मी काचेतून हात हलवायची. आता मला जाऊ द्या." व्याह्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांची चेष्टासुद्धा करवेना.

दोन-चार दिवस ते जेवले नाहीत नीट. मग एकदम माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मी विचार केला विहीणबाई. डोंगर आपल्या हातात नाही. बर्फ आपल्या हातात नाही. कुंदा तर कधीच नव्हती. हातात आहे तो फक्त बूट." झालं. दुसऱ्या दिवशी आमची वरात खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात. एका बाईचे बूट घ्यायला नवरा, विहीण, मुलगा, सून, सगळे. आता आपल्याकडे बूट कसे घेतात ते काय सांगायचं? वाढत्या अंगाचे. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायचे ते दोन वर्षं पुरतील असे, पुढे कापूस कोंबायचा आणि चालायला लागायचं. सगळं आयुष्य परदेशात गेलं तरी ती सवय हाडात. व्याह्यांचं म्हणणं, घट्ट बुटात रक्त थांबतं, रक्त थांबलं की बोटं गोठतात, आणि गोठलेली बोटं कापतात. म्हणून बूट दोन नंबर मोठे, आणि आत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. मी म्हटलं, "अहो, आता कुंदाताईंचं अंग कुठं वाढायचंय?" पण खरं सांगायचं तर टोकाला अंगठ्याने दाबून "आहे हो, ऐसपैस जागा आहे," असं मीही म्हटलं. दुकानातला माणूस काहीतरी सांगू बघत होता. पाच मराठी माणसं एकदम बोलत असताना त्याचं कोण ऐकतो.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो. लहान पोरं शिकतात तो बारकासा उतार, आपल्याकडे पायडल न मारता सायकल उतरेल इतकाच. कुंदाताई वर उभ्या राहिल्या, लाल जाकीट, तोंडभर हसू. निघाल्या. शिकवणाऱ्याने डावीकडे वळायची खूण केली आणि त्या वळल्यासुद्धा. पण वळला तो बुटाच्या आतला पाय. बूट आणि स्की वळलेच नाहीत. त्या सरळ खाली येत राहिल्या, वेग वाढत गेला, त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि कडेच्या नारिंगी जाळीत जाऊन त्या आदळल्या. व्याही धावले, चार पावलांवर पडले, उठले, पुन्हा पडले, आणि शेवटी गुडघ्यांवर रांगत तिथवर पोचले. मी इतकी हादरले होते की जागेवरून हलले नाही. शिकवणाऱ्याने कुंदाताईंचा बूट काढला, हातात हलवून बघितला, आत लोकरीचे दोन मोजे पिळवटून बसले होते. तो म्हणाला, "मॅडम, या बुटात अजून एक पाय मावेल."

गुडघा मोडला नव्हता, मुरगळला होता. पण ते कळेपर्यंत हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आम्ही दुपारभर बसलो, आणि त्या दुपारी व्याही माझ्या शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून गप्प होते. हा माणूस घाबरतो तेव्हा बोलतो, सूचना देतो, खिडक्या उघडतो. असं गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचीच धडकी भरली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "विहीणबाई, तिला बर्फाने नाही पाडलं. माझ्या भीतीने पाडलं." मी म्हटलं, "असं काही बोलू नका हो," पण त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही. आत गेलो तर कुंदाताई पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या. आम्हाला बघून पहिलं वाक्य काय, तर "गुडघा बरा झाला की मी परत जाणार आहे." लुईझ असती तर तिने टाळी दिली असती. व्याह्यांनी फक्त मान हलवली.

मग त्यांनी शोध सुरू केला. स्कीचे बूट पायाला नीट बसवून देणारा खास माणूस असतो, असं त्यांना फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं. तो माणूस शोधायला त्यांनी कुणाला विचारलं नाही? महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर, कोपऱ्यावरच्या दिपानेरचा, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाचा, मालक, बर्फ काढायला येणारा ट्रकवाला. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही बसवलेल्या बुटात कोणी पडलंय का?" बरेच लोक फोन ठेवून द्यायचे. कोणी म्हणालं "नाही, कधीच नाही," तर हे ठेवून द्यायचे, कारण तो खोटं बोलतो. शेवटी उत्तरेला डोंगरातल्या एका गावातली फ्रेंच बाई फोनवर म्हणाली, "पडतात ना मस्यू, सगळेच पडतात. पण त्यांचा पाय माझ्या बुटातच राहतो." व्याह्यांनी तिथेच अपॉइंटमेंट घेतली.

जानेवारीत आम्ही तिघं गेलो. पुलावर काचा खाली, कुंदाताई मागे ब्लँकेटमध्ये. फोनवरच्या त्या बाईंचं, म्हणजे मादामचं, दुकान गॅरेजच्या मागे, एकच खोली, प्लॅस्टिक तापवल्याचा वास. मादाम आमच्याच वयाच्या, आवाज मात्र मास्तरणीचा. त्यांनी कुंदाताईंना बसवलं, मोजे काढायला लावले आणि पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. कुंदाताईंनी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. परक्या बाईच्या मांडीवर आपला पाय म्हणजे काय! वाकून त्यांनी मादामच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला, म्हणजे पाय लागला त्याबद्दल नमस्कार. मादामना वाटलं, गुडघा दुखतोय का ते विचारताहेत. त्या म्हणाल्या, "माझा ठीक आहे, तुमचा दाखवा." मग त्यांनी बूट आणला, आणि तो पहिल्यापेक्षा दोन नंबर लहान. मोजा एकच, तोही पातळ. व्याही ताडकन उठले. "रक्त थांबेल. बोटं टेकताहेत पुढे." मादाम म्हणाल्या, "टेकायलाच हवीत. आता गुडघे वाकवा." कुंदाताईंनी वाकवले. "आता?" "आता नाही टेकत," कुंदाताई नवलाने म्हणाल्या. व्याह्यांनी लगेच विचारलं, "पण दुखत असेल ना? टाचेला? घोट्याला? दुखतंय तिला." मादामनी चष्म्यावरून बघितलं. "बूट कोणाचे, मस्यू?" "तिचे." "मग तिला विचारते."

कुंदाताईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत कुठे दुखतंय हे त्यांना कोणी विचारलं की उत्तर व्याहीच द्यायचे, त्यामुळे सांगायला त्यांना जरा वेळ लागला. मग म्हणाल्या, "दुखत नाही. घट्ट आहे. पण कोणीतरी पाय धरून ठेवावा तसं घट्ट." व्याही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस रडतो. पण ते हळूच म्हणाले, "डाव्या बुटाची आतली कड तिची आधी झिजते. आणि उतारावर ती सगळा भार उजव्या पायावर घेते, डावा नुसता टेकवते." मादामचा हात थांबला. त्यांनी कुंदाताईंना उभं केलं, मागून बघितलं, डाव्या टाचेखाली बोटं घालून चाचपलं. "हे मला दिसलं नव्हतं. तुम्हाला कसं माहीत?" "मी मागून चालतो," व्याही म्हणाले. मादामनी डाव्या बुटाचा आतला तळ नव्याने घासायला घेतला, आणि घासता घासता म्हणाल्या, "तुम्ही बसा इथे मस्यू. बोललात तरी चालेल."

फेब्रुवारीत गुडघा बरा झाला. पुन्हा तोच बारका उतार. या वेळी मुलगा-सून कामावर होते, खाली बाकावर मी आणि व्याही दोघंच. लिफ्टमधून लाल जाकीट वर जाताना दिसलं आणि मी बाकाची कड धरली. त्यांची भीती सर्दीसारखी लागते माणसाला, इतके दिवस सोबत काढल्यावर मलाही लागली होती. ते काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक देवाचं. वर कुंदाताई निघाल्या. व्याही अर्धवट उठले. त्या डावीकडे वळल्या आणि बूट त्यांच्याबरोबर वळला. उजवीकडे वळल्या. सावकाश, गुडघे वाकवून, सगळ्या उतारावर रुंद वळणं घेत त्या खाली आल्या आणि आमच्यासमोर थांबल्या. गाल लाल, डोळ्यांत पाणी, थंडीचं की कशाचं कोण जाणे. "अजून एकदा जाऊन येते," म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टकडे गेल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

व्याही बाकावर बसले. "पडली नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही पडल्या." बराच वेळ ते वर बघत होते. मग मला म्हणाले, "आता मी काय करू, विहीणबाई?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. एरवी अशी संधी मी सोडत नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर नोकरी सुटलेल्या माणसाचा भाव होता. लाल जाकीट पुन्हा वर निघालं. थोड्या वेळाने त्यांची नजर डोंगरावरून खाली आली, बर्फावरून सरकत माझ्या पायांशी थांबली. "हे बूट कोणाचे घातलेत तुम्ही?" मी म्हटलं, "लेकीचे जुने आहेत. चालतंय." ते म्हणाले, "चालत नाही. मघाशी पार्किंग लॉटमध्ये तुमची टाच बुटाच्या आत उचलली जात होती. मी मागेच होतो."

आमचे हे गेल्यापासून माझ्या मागून कोण चालतंय, हे मी कधी बघितलं नव्हतं. कोणी चालत असेल असं वाटलंच नव्हतं. मी पाय बाकाखाली घ्यायला गेले, आणि मग तसेच राहू दिले.

"हो," मी म्हटलं, "जरा सैल होतात."

"सोमवारी मादामना फोन करतो," व्याही म्हणाले.

"करा," मी म्हटलं.